टाळ्यांच्या गजरात गेलेली गाय

साल १९५८, संक्रांतीनंतरचा पहिला रविवार. रक्कम रुपये पंच्याऐंशी. ठिकाण, जालन्यातील एका सेवाभावी क्लबचे पटांगण. हजर माणसे: क्लबचे अध्यक्ष असलेले एक शेठ, लिलाव पुकारणारे एक वकील, पैशाच्या पेटीवर बसलेले हायस्कूलचे एक मास्तर, गावातले तीन-चारशे स्त्रीपुरुष आणि सहकुटुंब मी. माझ्या नोकरीतले खून आणि दरोडे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता कुठल्या ठाण्यातला, हे विचार करून सांगावे लागते. ही गाय मात्र शिंगापासून शेपटीपर्यंत मला अजून जशीच्या तशी दिसते.

जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. मी तिथे सब-इन्स्पेक्टर होतो. वर्षभरापूर्वी आम्ही हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलो होतो. ठाण्यावरची पाटी बदलली, फॉर्म बदलले, पण लोक मला निजामाच्या काळातल्या सवयीने, फौजदाराला म्हणत तसे, 'अमीनसाहेब'च म्हणत. मीही कधी दुरुस्ती केली नाही.

त्या क्लबात अडते, जिनिंगवाले, डॉक्टर, वकील, हायस्कूलचे शिक्षक अशी मंडळी होती. महिन्यातून एकदा एकत्र जेवण, कोजागिरीला दूध, दिवाळीनंतर बायकांच्या पदार्थांची स्पर्धा. बाहेरचे लोक त्याला खाण्यापिण्याचा क्लब म्हणत. पण दर संक्रांतीला क्लब मेळा भरवी आणि त्यात जमलेला पैसा मोतीबिंदूच्या शिबिराला जाई. शाळेच्या वर्गात खाटा टाकून म्हाताऱ्यांच्या डोळ्यांची ऑपरेशने होत, ती मी स्वतः पाहिली आहेत. म्हणून मेळ्याचे तिकीट मी विकत घेत असे. दारावरचे स्वयंसेवक म्हणाले, "साहेब, पोलिसांना तिकीट कशाला?" मी म्हणालो, "आज पोलीस आलेला नाही, चार माणसांचे कुटुंब आले आहे," आणि माणशी चार आण्यांप्रमाणे एक रुपया दिला.

मेळ्यातला सगळ्यात मोठा कार्यक्रम म्हणजे लिलाव, आणि लिलावातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शेठची गाय. शेठ दरवर्षी आपल्या गोठ्यातली एक देवणी जातीची गाय क्लबला दान देत. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, नाव चांदणी. वकील लाकडी हातोडी घेऊन टेबलामागे उभे राहत. कोणी जिनिंगवाला एक्कावन्न रुपयांना गाय घेई आणि लगेच हात वर करून म्हणे, "गाय क्लबला परत!" टाळ्या पडत. लिलाव पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. मग एखादा डॉक्टर घेई, तोही परत करी. अशी ती एकच गाय दुपारभरात सात-आठ वेळा विकली जाई, दर वेळी पेटीत भर पडे आणि सगळ्यांना मान मिळे. शेवटची बोली शेठच्या मेव्हण्याची. तो एकशेएक रुपये देई, आणि संध्याकाळी गळ्यात झेंडूचा हार घातलेली चांदणी शेठच्याच गोठ्यात परत जाई. हे क्लबातल्या सगळ्यांना माहीत होते. त्यात लबाडी आहे असे कोणालाच वाटत नसे, कारण पैसा खरोखरच शिबिराला जात होता.

त्या वर्षी शेवटच्या फेरीच्या वेळी मेव्हणा जागेवर नव्हता. तो भज्यांच्या दुकानापुढे रांगेत उभा होता. बोली सत्तरवर अडली. वकील इकडे-तिकडे पाहत होते. तेवढ्यात कुंपणाजवळून आवाज आला, "पंच्याऐंशी!"

लाल पागोटे बांधलेला एक उंच शेतकरी. वकिलांनी मेव्हण्यासाठी जमेल तेवढा वेळ काढला, "पंच्याऐंशी एक बार... पंच्याऐंशी दोन बार..." शेवटी तीन बार म्हणून त्यांना हातोडी आपटावीच लागली. खेड्यातल्या माणसाने एवढी रक्कम द्यावी याचे लोकांना कौतुक वाटले. असा टाळ्यांचा कडकडाट त्या दिवशी दुसऱ्या कोणासाठी झाला नाही. मीही वाजवल्या. शेतकऱ्याने कमरेचा कसा सोडला, मास्तरांपुढे रोख पैसे मोजले आणि पावती घेतली. 'परत' म्हणायचे तो भोळेपणाने विसरला असेल, असे सगळ्यांनी धरून चालले. मुलांना भूक लागली होती म्हणून मी त्यांना घेऊन भज्यांकडे वळलो.

सोमवारी सकाळी हजेरी आटोपून मी रोजनामचा पाहत होतो. शेठ आणि वकील दोघेही ठाण्यात आले.

"अमीनसाहेब, भर मेळ्यातून गाय गेली! तीनशेची गाय!" शेठ बसायच्या आधीच म्हणाले.

"कोणती गाय?"

"चांदणी. संध्याकाळी गडी आणायला गेला तर खुंटा मोकळा."

"संशय कोणावर?"

"क्लबच्या चौकीदारावर. दारावर तोच होता. त्याच्याशिवाय गाय बाहेर जाईल कशी?"

वकिलांनी फिर्याद घरूनच लिहून आणली होती. मी ती कलम ३७९ खाली नोंदवून घेतली आणि चौकीदाराला बोलावले.

चौकीदार साठीच्या आसपासचे, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते. सगळे त्यांना खाँसाब म्हणत. शेठनी त्यांना सकाळीच कामावरून थांबवले होते आणि पगारही अडकवला होता. म्हातारा दारातच उभा होता. मी त्यांना बसायला स्टूल दिले. आमचे जमादार जबाब लिहायला बसले. हे जमादार अंबडकडचे. हात लिहिण्यात आणि तोंड बोलण्यात, दोन्ही एकाच वेळी चालत.

"खाँसाब, गाय कोणी नेली?"

"एक आदमी ले गया साब. लाल पगडीवाला. मला वाटलं, शेठजींचा माणूस."

"चोरून नेली?"

"चोर असा असतो का साब? आधी सलाम केला. दोन आणे दिले, तिळाचा लाडू दिला. म्हणाला, खाँसाब, ही गाठ माझ्यानं सुटत न्हाई. मंग मी सोडून दिली."

जमादारांनी टाक थांबवला. "म्हणजे दोर तुम्हीच सोडला? तुमी तर चोराचे भागीदार झाले की हो!"

"भागीदार कसला? मेळ्यात आलेल्या मेहमानाची खिदमत केली."

"आणि दोन आणे?"

"ते खर्च झाले साब. लाडू पण."

वकिलांचे म्हणणे होते की म्हाताऱ्याला आत टाकावे, म्हणजे साथीदाराचे नाव निघेल. मी तसे केले नाही. चोरीत सामील असलेला माणूस मिळालेल्या पैशाबरोबर लाडूची कबुली देत नाही, एवढे मला तेवढ्या नोकरीत समजले होते. त्यांना रोज सकाळी ठाण्यात हजेरी द्यायला सांगून घरी पाठवले. पण माणसाचा पगार अडकला होता, आणि गावात लोक त्यांच्याकडे बोट दाखवू लागले होते. तपास लांबवून चालणार नव्हते.

आम्ही गुरांचा बाजार पाहिला, कोंडवाडा पाहिला, नाक्यावरच्या लोकांना विचारले. शेजारच्या ठाण्यांना आणि चौक्यांना गायीचे वर्णन कळवले. मंगळवारी ठाण्यात मास्तर आले. मला वाटले, गायीबद्दल काही समजले असेल. त्यांचे काम वेगळेच होते.

"साहेब, त्या उदार पाटलांचा पत्ता लावून द्या ना," ते म्हणाले. "लाल पागोट्याचे, उंच. पंच्याऐंशी रुपये रोख देऊन गेले, नाव नीट लिहून घ्यायचे गडबडीत राहिले. येत्या रविवारी क्लबची सभा आहे. तिथे त्यांचा सत्कार करायचा ठरलाय. शाल, नारळ आणि हार."

मास्तर गेल्यावर जमादार म्हणाले, "साहेब, एक लाल पागोटंवाला सापडला की त्याला हार घालायचा, अन् दुसरा सापडला की त्याला बेडी. दोघांची गाठ पडली तर मजा येईल."

"जालन्यात लाल पागोटी हजार आहेत, जमादार. वर्णन पुरेसे नाही."

"बराबर आहे साहेब," असे म्हणून त्यांनी दोन्ही वर्णने एकाच पानावर लिहून ठेवली.

बुधवारी राजूरच्या चौकीतला एक शिपाई टपाल घेऊन आला आणि त्याने तोंडी बातमी दिली. सोमवारी राजूरच्या गणपतीसमोर एका शेतकऱ्याने ठिपकेवाली पांढरी गाय उभी केली होती. तिला देवाचा अंगारा लावला, पेढे घेतले आणि पारावर बसलेल्या सगळ्यांना वाटले. पेढेवाल्याने विचारले तर म्हणाला, जालन्याच्या साहेबलोकांनी दिली, आता धावड्याला नेतो.

"पेढे वाटले?" मी पुन्हा विचारले.

"मला बी देला साहेब," शिपाई म्हणाला आणि मग हे आपण सांगायला नको होते, असे त्याच्या तोंडावर दिसले.

चोराने पेढे वाटल्याचे मी नोकरीत ऐकले नव्हते. दुपारी जेवायला घरी गेलो तेव्हा हे डोक्यात घोळत होते. घरी ठाण्यातल्या गोष्टी बोलायची माझी सवय नाही. पण ही गाय आमच्या सौभाग्यवतीनेही पाहिली होती, म्हणून बोललो.

"तो लाल पागोटेवाला?" ती भाकरी वाढता वाढता म्हणाली. "आमच्या हळदीकुंकवाच्या मांडवाला लागूनच उभा होता की. त्याने गाईचं तोंड उघडून दात पाहिले. सडं चाचपली. दोनदा तिच्याभोवती फिरला."

"बरं, मग?"

"मग काय? दान करायला आलेला माणूस सडं कशाला चाचपील? तो गाय घ्यायला आला होता."

"घ्यायला म्हणजे?"

"अहो, घ्यायला म्हणजे घ्यायला! बाजारात घेतात तशी. तुम्ही पोलीस लोक साध्या गोष्टीला किती प्रश्न विचारता हो!"

माझा घास हातातच राहिला. मास्तरांचे उदार पाटील आणि शेठचा चोर हे एकाच पागोट्याखाली होते. आणि मी त्या माणसासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी जमादारांना घेऊन मी भोकरदनला गेलो. हद्द त्यांची होती, म्हणून आधी तिथल्या ठाण्यात वर्दी दिली आणि तिथून बैलगाडीने धावड्याला गेलो. गावाच्या कडेला एका घरापुढे लाल पागोटेवाला कडबा तोडत बसला होता. बाजूलाच चांदणी बांधलेली. मला वाटले होते, आमचे कपडे पाहून तो दचकेल, निदान उठून उभा राहील. तो उठला खरा, पण आमच्याकडे न पाहता सरळ गाडीपाशी गेला आणि वाकून गाडीत पाहू लागला.

"वासरू कुठंय साहेब?"

"कोणते वासरू?"

"आमच्या गाईचं. बरं झालं तुमीच आले. मी जालन्याला निघूनच राह्यलो होतो. मेळ्यात घाईघाईत गाय सोडली, अन् वासरू शेठकडंच राह्यलं न्हवं का! वासरू तोंडाला लागल्याबिगर ही पान्हा सोडीना. चार दिवस झाले, भांड्याचं बूड भिजंना."

मी त्याला सांगितले की आम्ही वासरू पोचवायला आलेलो नाही, चोरीच्या तपासाला आलो आहोत.

"अगं बाई! कशाची चोरी झाली?" आतून त्याच्या बायकोने विचारले.

"गाईची," जमादार म्हणाले.

"आमच्या गाईची?" शेतकरी चांदणीकडे पाहत म्हणाला. "पण ती तर हितंच बांधेल हाय!"

मी जमादारांकडे पाहिले. ते टोपी काढून कपाळ पुसण्यात गुंतले होते, म्हणजे हसू दाबत होते.

मग मी खाटेवर बसून त्याला सगळे नीट विचारले, आणि त्याने नीट सांगितले. त्याची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंत झाल्यापासून तिचा ताप उतरेना. अंगावरचे दूध आटले. बाळ दीड महिन्याचे. शेजारणीच्या शेळीचे पावशेर दूध मिळे, तेही रोज नाही. म्हणून कापूस विकून आलेले नव्वद रुपये कमरेला बांधून तो गाय घ्यायला जालन्याच्या बाजारात आला होता. दीडशेच्या खाली कोणी बोलेना. रिकाम्या हाताने परत निघाला असताना भोंग्यावर लिलावाचा आवाज आला.

"भोंग्यावर सांगून राह्यले होते की, हा दानधर्माचा कार्यक्रम हाय, गोरगरिबांसाठी हाय," तो म्हणाला. "मला वाटलं, मंग हे दान कोणाला करणार? आमालाच ना? मोठे लोक गाय घेऊन राह्यले अन् परत देऊन राह्यले. मी म्हटलं, ही माणसं गरिबाची वाट पाहून राह्यली. मंग मी बोली केली. कोणी वर चढलं न्हाई. टाळ्या वाजवल्या. त्या मास्तरांनी चहा पाजला, लाडू देले. गरिबाला सवस्तात गाय देऊन इतका आनंद झालेली माणसं मी पह्यल्यांदाच पाह्यली, साहेब."

 त्याने पावती दाखवली. तीवर छापले होते: 'देणगी साभार पोच.'

तेवढ्यात त्याच्या बायकोने पितळीत कोरा चहा आणला. "दूध न्हाई साहेब. जे निघालं ते लेकराला पाजलं," ती ओशाळून म्हणाली.

"कोराच बरा, मावशे," जमादार म्हणाले. "मुद्देमालाचं दूध प्यालो तर साहेब मलाच आरोपी करतील."

हसताना ती मागे वळली, आणि आतून बाळाचे रडणे ऐकू आले. लहान आवाज होता, ताकद नसलेला. शेतकऱ्याचे हसू तिथेच थांबले. आता त्याला परिस्थिती पुरती समजली होती.

"साहेब, मला नेता का?" त्याने विचारले. "मला न्या. पण गाय नेऊ नका. दोन्ही नेलं तर ह्या बाया काय करतील?"

कायद्याने गाय जप्त करणे भाग होते. जप्तीचा पंचनामा मी तिथेच केला. पण जप्त गाय कुठे ठेवावी, हे तपासी अंमलदार ठरवू शकतो. मी ती सुपुर्दनाम्यावर गावच्या पोलीस पाटलाच्या ताब्यात दिली. पोलीस पाटील शहाणा माणूस होता. "माझ्या गोठ्यात जागा न्हाई साहेब," तो म्हणाला. "याच्याच दारात ठेवतो. नजर ठेवतो बराबर." मी म्हटले, ठेवा. शेतकऱ्याला मात्र रविवारी क्लबच्या सभेला हजर राहायला सांगितले.

"हातकड्या घालून?"

"नाही. बसने या. तिकीट स्वतःचे काढा."

तो थोडा विचार करून म्हणाला, "जाताना बसचं जमंल. पण येताना वासरू बसमदी घेतील का?"

रविवारी क्लबच्या हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. पुढे शेठ, वकील, मास्तर. मी शेतकऱ्याला घेऊन दारातून आत आलो मात्र, मास्तर ओरडलेच, "आले! पाटील आले!" आणि मी काही बोलण्याआधीच धावत येऊन त्यांनी त्याच्या गळ्यात हार घातला. टाळ्या सुरू झाल्या. शेतकरी हात जोडून उभा राहिला. त्याला वाटले असेल, या गावात आपण काहीही केले तरी टाळ्याच वाजतात.

टाळ्या थांबेपर्यंत मी वाट पाहिली. मग शेठना म्हणालो, "शेठ, तुमच्या फिर्यादीतला, गाय नेणारा माणूस तो हाच."

 मास्तर हाराकडे पाहत राहिले. तो काढून घ्यावा की राहू द्यावा, हे त्यांना कळेना.

वकील पहिल्यांदा सावरले. "मग अटक करा. पावतीपुस्तक मी पाहिले आहे, पावती देणगीची आहे. पैसे त्याने दान दिले. गाय विकल्याची पावती कुठे आहे?"

"आमच्याकडे दुसरे पावतीपुस्तकच नाही हो," मास्तर हळूच म्हणाले.

मी वकिलांना म्हणालो, "वकीलसाहेब, कायदा तुम्ही मला शिकवायचा. लिलावात तिसऱ्यांदा पुकारून हातोडी पडली की सौदा पुरा होतो की नाही?"

"होतो."

"हातोडी कोणाच्या हातात होती?"

वकील पुढचे कागद सारखे करू लागले. मागून कोणीतरी म्हणाले, "सांगा की वकीलसाहेब, मेव्हणा भजी खात होता म्हणून!" आणि बायकांच्या बाजूने हसण्याची एक लाट आली.

मी शेठकडे वळलो. "शेठ, गाय तुम्ही क्लबला दिली होती ना?"

"दिली होती."

"म्हणजे त्या दिवशी मालक क्लब. क्लबने ती लिलावात विकली, पैसे घेतले. मग चोरी कोणाच्या घरी झाली?"

"तसं नाही अमीनसाहेब. दिली होती, पण ती दरवर्षी..." शेठ थांबले. पुढचे वाक्य त्यांना चारचौघांत बोलता येईना. त्यांच्या डोक्यावरच भिंतीला कापडी फलक लावला होता, त्यावर गोदानाबद्दल अध्यक्षांचे आभार मानले होते. मला त्यांची कीव आली. माणूस वाईट नव्हता. शिबिराच्या खाटा, औषधे, पेशंटचे जेवण यांत मेळ्याचा जो पैसा कमी पडे, तो दरवर्षी तेच घालत. पण चोरीची फिर्याद त्यांनी दिली होती, आणि ती मागे घ्यायची तर तोंड उघडणेही त्यांनाच भाग होते.

शेठची ही अडचण शेतकऱ्याच्या लक्षात आली. तो पुढे येऊन म्हणाला, "शेठ, गाय चुकून आली असंल तर तुमी परत न्या. मला माझे पंच्याऐंशी देऊन टाका. फक्त चार दिवस वासरू तिकडं धाडा, लेकराला दूध होईल. मंग दोन्ही आणून बांधतो तुमच्या दारात."

आता बायकांच्या बाजूने शेठाणी उठल्या. पदर नीट करून, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ते वासरू आठ दिवस ओरडतंय. घरात कोणाला झोप नाही. गाय दिली म्हणून भोंग्यावर सांगायचं आणि वासरू घरात बांधून ठेवायचं, हे मी चार वर्षं बघतेय. दरवर्षी संध्याकाळी ती परत आली की तिच्या गळ्यातला हार मीच काढते. यंदा तुमचं दान खरोखर लागू पडलं, तर तुम्ही पोलिसांत गेलात!"

क्षणभर मला वाटले, आता शेठ रागावून उठून जातील. त्यांनी आधी बायकोकडे, मग फलकाकडे पाहिले. आणि एकदम पोट धरून हसायला लागले. हसता हसता त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"पाटील," ते म्हणाले, "चार वर्षांत या गायीच्या लिलावात खरी बोली करणारे तुम्ही एकटेच. घेऊन जा गाय. वासरूही घेऊन जा. मास्तर, शाल कुठे आहे? सत्कार ठरलाय ना? मग करा की!"

शाल घालताना शेतकरी माझ्या कानाशी पुटपुटला, "साहेब, ह्याची बी पावती घ्यावी लागंल का?"

फिर्याद गैरसमजुतीने दिली गेली, असा अहवाल मी कोर्टात पाठवला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कागद दोनदा वाचला, मला चेंबरमध्ये बोलावून सगळे तोंडी पुन्हा सांगायला लावले, आणि मगच प्रकरण बंद करायची समरी मंजूर केली.

पुढच्या संक्रांतीला क्लबने भोंग्यावर आधीच पुकारले की गाय वासरासह आहे आणि जो घेईल त्याने ती न्यायची आहे. अंबड-भोकरदनकडून गाय घेणारे शेतकरी येऊन कुंपणाला उभे राहिले, प्रत्येकाने दात आणि सडे तपासली. गाय एकदाच विकली गेली. मास्तर म्हणाले, आधी सात-आठ बोल्यांची मिळून जेवढी रक्कम होई, तिच्या जवळपास एकाच विक्रीत आली. मानासाठी बोली करणाऱ्यांकरिता त्यांनी एक नारळ वेगळा ठेवला. तो किती वेळा विकला गेला, हे मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही.

या गायीने मला एक सवय लावली. नंतरच्या नोकरीत चोरीची फिर्याद आली की 'संशय कोणावर' हे विचारण्याआधी मी विचारी, "वस्तू गेली तेव्हा तुम्ही तिथे काय बोलत होता? आणि तुमचे बोलणे नव्याने ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ काय वाटला असेल?" रोज एकत्र बसणाऱ्या माणसांची एक आपापसातली समजूत होते. ती तोंडाने कोणी सांगत नाही. बाहेरचा माणूस मात्र बोललेले शब्दच धरून चालतो. बहुतेक फिर्यादींत या प्रश्नाने काही निघाले नाही. पण काही वेळा निघाले, आणि तेवढ्या वेळी एखादा माणूस कोठडीत जायचा वाचला.

त्या दिवशी हॉलमधून निघण्याआधी जे देणे होते ते माझ्यासमोर दिले गेले. पंच्याऐंशी रुपये शिबिराच्या पेटीत होते, ते तिथेच राहिले. खाँसाबना तिथेच बोलावून अडकलेला पगार पूर्ण दिला, कामावर परत घेतले, आणि वर शेठनी सगळ्यांदेखत त्यांची माफी मागितली. खाँसाब म्हणाले, "माफी कसली शेठजी, पुढच्या वेळी गाठ जरा सैल बांधा." आणि वासरू धावड्याला पोचवायचे गाडीभाडे नऊ रुपये. ते शेठनी रोख, गाडीवानाच्या हातात दिले.